पत्ता खालून वाचायचा

अण्णांचा फोन रात्री नऊनंतर आला की माझ्या पोटात गोळाच येतो. आई गेल्यापासून वाईला ते एकटेच असतात, वय चौऱ्याहत्तर, आणि साडेआठला जेवून नऊला अंथरुणावर ही त्यांची पोस्टातल्या नोकरीपासूनची सवय. त्या रात्री पावणेदहाला फोन वाजला, मी पोळ्या लाटत होते, पिठाच्या हातानेच उचलला. तब्येतीचं काही नव्हतं. म्हणाले, "अगं, आपली बारव चीनमधल्या कुणीतरी घ्यायला काढलीय."

बारव म्हणजे त्यांची वेबसाइट. अण्णा सब-पोस्टमास्तर म्हणून रिटायर झाले २०११ ला आणि त्यानंतर त्यांना नाद लागला जुन्या विहिरींचा. साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटेची विहीर आता सगळ्यांना माहितीये, सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्या लावायला जागा नसते, पण अण्णा ज्या विहिरींवर जातात तिथे कुणी जात नाही. बांधावरच्या, घाणेरीच्या जाळीत गेलेल्या, अर्ध्या बुजलेल्या. हे टेप घेऊन पायऱ्या मोजणार, एखादा शिलालेख दिसला तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हाची वाट बघत तिथेच बसून राहणार कारण तेव्हाच अक्षरं उठून दिसतात. २०१५ मधे मी त्यांना डॉट कॉमचं डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, घेऊन साइट काढून दिली, आज तिच्यावर दीडशेच्या वर विहिरी आहेत. त्यातल्या दोन तर आता प्रत्यक्षात नाहीतच, रस्ता रुंद करताना बुजवल्या, फक्त अण्णांच्या साइटवर राहिल्यात. म्हणून ती साइट आमच्या घरात दागिन्यासारखी आहे.

तर अण्णांना आलेला तो चीनचा मेल मी फॉरवर्ड करून घेतला. शांघायमधली कुठलीशी डोमेन नोंदणी कंपनी, "अर्जंट आहे, कृपया तुमच्या सीईओंना दाखवा", आमच्याकडे आज एका इन्व्हेस्टमेंट कंपनीचा अर्ज आलाय, त्यांना तुमच्या नावाचं डॉट सीएन, डॉट कॉम डॉट सीएन, डॉट एशिया अशी डोमेन हवीयेत, ती कंपनी तुमची अधिकृत पार्टनर आहे का, नसेल तर सात दिवसांत कळवा नाहीतर आम्हाला अर्ज मंजूर करावा लागेल.

मी म्हटलं, "अण्णा, फसवणुकीचा मेल आहे, सोडून द्या."

ते म्हणाले, "कशावरून?"

हा त्यांचा शब्द आहे. पोस्टाच्या काउंटरवर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, कुणी सांगितलं की ही मनीऑर्डर माझीच, तर कशावरून? सही जुळत नाही म्हणालात, कशावरून? वाटतंय म्हणून, दिसतंय म्हणून, असली उत्तरं त्यांना चालत नाहीत. मग मला त्या रात्री सांगावं लागलं. डोमेन जो पहिला मागेल त्याला मिळतं, कुणी नाव मागितलं की नोंदणीवाला जगभर फिरून त्या नावाच्या लोकांना पत्रं लिहीत बसत नाही, तसं करायचं त्याला कारणच नाही. तुम्ही उत्तर दिलंत की दुसरा मेल येतो, मग तो "इन्व्हेस्टमेंट कंपनीवाला" स्वतः तावातावाने लिहितो, मग पहिला म्हणतो की बघा बुवा, तुम्हाला नावं वाचवायची असतील तर आमच्याकडूनच घ्या, आणि जे डोमेन तुम्हाला कधीच लागणार नव्हतं ते तुम्ही भरमसाट पैसे देऊन घेता. ही युक्ती कित्येक वर्षं चाललीये. अण्णांनी ऐकून घेतलं, "हं" म्हणाले. पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही हे मला सकाळी कळलं. पैशांचं काही नव्हतं, आपल्या विहिरींचं नाव कुणा परक्याच्या हातात जाईल याचंच त्यांना वाटत राहिलं. असला मेल लिहिणाऱ्यांचा मला राग येतो तो याच्यासाठी. माणसाला जे जपावंसं वाटतं बरोबर तिथेच ते बोट ठेवतात.

दुसरा मेल जूनमधे आला. बिलासारखा. वर ठळक अक्षरात मुदत संपल्याची सूचना, खाली आमच्या डोमेनचं नाव, अण्णांचं नाव, वाईचा पत्ता, दोन वर्षांचे साडेसात हजार आणि लाल बटण. मी अकाउंट्समधे काम करते, दिवसभर बिलंच बघते, त्यामुळे हा मला लगेच खटकला. आमचं डोमेन संपतं नोव्हेंबरमधे. एका वर्षाला हजार-बाराशेच्या आसपास लागतात. बिलावर बिल नंबर नाही, जीएसटीआयएन म्हणजे जीएसटीचा नोंदणी नंबर नाही, महाराष्ट्रातल्या कंपनीचं बिल असतं तर २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरांचा नंबर असायला हवा होता. (परदेशातल्या कंपनीकडून डोमेन घेतलं असेल तर हा नियम लावू नका.) आणि सगळ्यात खाली, पांढऱ्यावर फिक्कट करड्या अक्षरात, हे बिल नाही, ही सर्च इंजिनमधे नाव टाकण्याच्या सेवेची ऑफर आहे, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. म्हणजे कायद्याने पकडलं तर दाखवायला ओळ आहे आणि म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांना ती दिसत नाही.

हा प्रकार मेलच्याही आधीचा, कागदाचा आहे. अमेरिकेत लोकांना घरी पोस्टाने अशी पत्रं यायची, दिसायला हुबेहूब रिन्यूअलचं बिल, आणि पैसे भरले की डोमेन गुपचूप दुसऱ्या कंपनीकडे ट्रान्सफर व्हायचं. २००३ मधे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका नावाच्या कंपनीवर त्यासाठी कारवाई केली होती. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं ते पोस्टाचं. म्हणाले, त्या पोस्टमनला काय माहिती बिचाऱ्याला की तो काय वाटत फिरतोय.

पण यांना आपला पत्ता मिळतो कुठून, हे अण्णांनी विचारलंच. पूर्वी डोमेन घेतलं की मालकाचं नाव, पत्ता, फोन, मेल सगळं हूइज नावाच्या नोंदीत उघडं असायचं, कुणीही बघा. मे २०१८ मधे युरोपचा खाजगी माहिती जपणारा जीडीपीआर कायदा लागू झाला तेव्हा त्यातलं बरंच झाकलं गेलं. पण आमचं डोमेन २०१५ चं, तीन वर्षं पत्ता चव्हाट्यावर होता आणि एकदा उतरवून घेतलेली यादी कुणी परत करत नाही. आपल्या डॉट इनला तर नाव झाकून ठेवायची सेवा चालतच नाही. माझ्या भावाने दुकानासाठी डॉट इन घेतलं तर संध्याकाळपर्यंत "सर वेबसाइट बनवायची आहे का" असे इतके फोन आले की त्याने दोन दिवस फोन सायलेंटवर ठेवला. तेव्हा मेलमधे आपलं नाव-पत्ता बरोबर आहे म्हणजे तो खराच, असं अजिबात नाही.

आता तिसरा मेल. हा लेख खरं म्हणजे त्याच्यासाठीच लिहितेय.

अण्णांचा जुना मेल आयडी बंद पडायला आला होता म्हणून ऑगस्टमधे मी डोमेनच्या खात्यावर त्यांचा नवीन जीमेल टाकला. काम झालं, विसरले. आठवड्याभराने अण्णांचा फोन, असा असा मेल आलाय, इंग्रजीत आहे, म्हणतात की तुमचा ईमेल पडताळून घ्या, ही लिंक दाबा, अमुक तारखेपर्यंत नाही दाबली तर डोमेन बंद करू. पाठवणारी कंपनी कोण, तर मी आयुष्यात न ऐकलेलं नाव. मी ऑफिसात होते, तिमाहीचं काम अंगावर होतं. घाई, धमकी, अनोळखी नाव, लिंक. या सगळ्यावरून मी म्हटलं, "फसवणूक आहे अण्णा. डिलीट करा."

"कशावरून?"

"अहो दिसतंयच की."

त्यांनी डिलीट केला. माझ्यावर विश्वास म्हणून केला.

आणखी नऊ-दहा दिवसांनी साइट उघडली तर विहिरींच्या जागी पांढरं पान, मालकाच्या माहितीची पडताळणी न झाल्यामुळे डोमेन स्थगित. अण्णांनी मला फोन केला नाही. मला कळलं ते कोल्हापूरच्या एका शिक्षकांनी मेसेज टाकला की साइट बंद केली का, मुलांना प्रोजेक्टला हवी होती. मी फोन लावला तर अण्णा म्हणाले, "कालपासून दिसत नाही. म्हटलं तू कामात असशील."

तो मेल खरा होता. शब्दन् शब्द खरा. डोमेनच्या जगाचे नियम ठरवणारी जी संस्था आहे, आयकॅन, तिचा नोंदणी कंपन्यांशी २०१३ चा करार आहे, आणि त्यात स्पष्ट आहे की नवीन डोमेन घेतलं किंवा मालकाचा मेल बदलला की पंधरा दिवसांत तो पडताळून घ्यायचा, नाही झालं तर कंपनी डोमेन स्थगित करू शकते. मेल मीच बदलला होता. आणि ते अनोळखी नाव? आम्ही डोमेन घेतलं ते पुण्यातल्या एका छोट्या होस्टिंगवाल्याकडून, पैसे त्यालाच देतो, पण तो नुसता रीसेलर, मधला दुकानदार. खरी नोंदणी ज्याच्याकडे असते तो रजिस्ट्रार वेगळाच, आणि आपल्याकडे कितीतरी लोकांना आपला रजिस्ट्रार कोण हे माहितीच नसतं, मलाही नव्हतं. त्या होस्टिंगवाल्याने सांगितलंही नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

म्हणजे मी ज्या ज्या खुणांवरून त्याला खोटं ठरवलं त्या सगळ्या खऱ्या मेललाही होत्या. याचं मला फार लागलं, अजूनही लागतं. शंका घेणं म्हणजे शहाणपण असं आपण धरून चालतो, पण मी शंका घेऊन थांबले होते, पुढे जाऊन बघितलं नव्हतं. अण्णा बघायला सांगत होते.

मग बघायचं कसं, तर मला आता एकच खात्रीची वाट माहितीये. मेल बाजूला ठेवायचा, त्यातल्या लिंकला, बटणाला, फोन नंबरला हात लावायचा नाही, आणि आपण जिथून डोमेन घेतलं त्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करायचं. मुदत संपत असेल तर तिथे तारीख दिसेल. बिल बाकी असेल तर तिथे दिसेल. पडताळणी बाकी असेल तर तिथे पट्टी असेल आणि "पुन्हा मेल पाठवा" असं बटण असेल. ते आपण दाबायचं. मिनिटाभरात जो मेल येतो तो आपण मागवलेला असतो, त्यातली लिंक दाबायला हरकत नाही. मी त्या दिवशी तेच केलं. लिंक दाबली, धन्यवाद म्हणून पान आलं, आणि संध्याकाळपर्यंत विहिरी परत आल्या. आणि आपला रजिस्ट्रार कोण हे बघायचं असेल तर आयकॅनचंच पान आहे, लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी, तिथे डोमेन टाकलं की रजिस्ट्रारचं नाव आणि मुदतीची तारीख मिळते. (जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी जुन्या हूइजऐवजी आरडीएपी नावाची नवी पद्धत आलीये, पण आपल्याला बघायला फरक पडत नाही.) आयकॅन स्वतः तुमच्या-माझ्याकडे रिन्यूअलचे पैसे मागत नाही. त्यांच्या नावाने बिल आलं तर तिथेच विषय संपला.

दिवाळीत घरी गेले तेव्हा अण्णांसमोर लॅपटॉप घेऊन बसले आणि तो जूनमधला बिलवाला मेल उघडला, तो त्यांनी ठेवला होता, ते काही टाकत नाहीत. पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांना दाखवला. आधी आमच्या होस्टिंगवाल्याचं नाव, मग डॉट, मग डोमेन-रिन्यूअल-सपोर्ट असं लांबलचक काहीतरी, मग डॉट कॉम. अण्णा म्हणाले, नाव तर आपल्याच माणसाचं आहे की. मी म्हटलं, उजवीकडून वाचा. डॉट कॉम, त्याच्या लगेच डावीकडे जे आहे तोच खरा मालक, त्याच्याही डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो.

अण्णांनी चष्मा वर केला. "म्हणजे खालून वाचायचं."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की सॉर्टिंगला बसलेला माणूस पाकिटावरचं नाव वाचत नाही. नाव वाचायचं ते शेवटी, पोस्टमनने. सॉर्टर खालची ओळ बघतो, पिन. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा पट्टा, पहिले तीन मिळून कुठल्या जिल्ह्याच्या सॉर्टिंगला टाकायचं ते, शेवटचे तीन म्हणजे पोस्ट ऑफिस. वर "श्रीमान राजमान्य राजेश्री" काहीही लिहा, पत्र पिन जाईल तिथेच जाणार. आणि ही पद्धत बसवली ती आपल्याच माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, रत्नागिरी जिल्ह्यातल्या नाटे गावचे, संस्कृतचे कवी, १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली, हे अण्णा सांगतात तेव्हा त्यांचा आवाजच बदलतो. डोमेनची पद्धत १९८३ ची, अमेरिकेतल्या पॉल मोकापेट्रिस यांची, त्यांनी काही आपलं पाकीट बघितलं नसणार, पण पत्ता मोठ्याकडून छोट्याकडे उलगडायचा हे दोन्हीकडे तेच.

मग तर ते खुर्ची ओढूनच बसले. मी जीमेलमधे तीन टिंबांवर जाऊन "शो ओरिजिनल" उघडलं. तिथे मेल कुठून कुठून आला त्याच्या ओळी असतात, अण्णा म्हणाले हे तर शिक्के. बरोबरच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव म्हणजे पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात हाताने लिहिलेलं प्रेषक, ते कुणीही काहीही लिहितो, पण आपल्या टोकाला, जीमेलच्या ऑफिसात पडलेला शिक्का त्याच्या हातात नसतो. वर एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क असे तीन निकाल असतात, पास किंवा फेल. फेल असेल तर मेलच्या जवळ जायचं नाही. पण त्या जूनच्या मेलवर तिन्ही पास होते! अण्णा गोंधळले. मी सांगितलं, पास म्हणजे इतकंच की मेल ज्या डोमेनचं नाव सांगतोय तिथूनच निघालाय, ते डोमेन भामट्याचंच असेल तर भामट्याच्या घरून निघालेलं पत्र भामट्याच्या घरूनच आलंय एवढंच सिद्ध झालं. ते म्हणाले, "शिक्का खरा, माणूस खोटा. असे पण बघितलेत."

अक्षरांवरही त्यांनी मला एक दाखवलं. आता डॉट भारत आहे, २०१४ पासून देवनागरीतही डोमेन मिळतं, आणि आपल्याकडे र आणि व जवळ लिहिले की ख दिसतो, पत्त्यांमधे हा घोटाळा ते आयुष्यभर निस्तरत आले. इंग्रजीतही रशियन लिपीतला अ हुबेहूब इंग्रजी ए सारखा दिसतो. डोळ्यांवर सोडायचं नाही ते याच्यासाठी.

आणि भीतीपोटी सगळेच मेल फेकून द्यायचे, तर तेही चालत नाही. डिसेंबर १९९९ मधे मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचं रिन्यूअल राहून गेलं आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं, ख्रिसमसच्या सुट्टीत मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातले ३५ डॉलर भरून ते चालू करून दिलं. आमचे पैसे भरायला कोण येणार. नियम असा आहे की डॉट कॉमसारख्या डोमेनला रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी एक, आणि संपल्यावर पाच दिवसांत एक अशी आठवण द्यायलाच हवी. जूनमधे आलेलं नोव्हेंबरचं बिल या हिशोबात बसतच नाही. आणि वर्षातून एकदा अजून एक खरा मेल येतो, तुमची नोंदवलेली माहिती तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा, बरोबर असेल तर काही करायचं नाही. तो पैसे मागत नाही.

अण्णांनी पोस्टाच्या जुन्या रजिस्टरसारख्या रकान्यांची वही आखली. तारीख, कुणाकडून, काय म्हणतात, आपण मागवलं होतं का, खात्यात जाऊन बघितलं का, निर्णय, सही. सही माझी नाही, त्यांची. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट वेगळं राहिलं नाही, स्पीड पोस्टात मिळवलं, ते त्यांना बरंच लागलं होतं. वहीच्या कव्हरवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलंय, रजिस्टर.

गेल्या आठवड्यात फोन आला, या वेळी सकाळी दहाला. "तो वर्षाचा मेल आलाय, माहिती तपासा म्हणतात. मी लिंक दाबली नाही, खात्यात गेलो, पत्ता टाइप करून. मेल खरा आहे."

"कशावरून?" मी विचारलं.

"मेलमधे जी चूक आहे तीच खात्यात आहे. तू २०१५ ला घर वाईचं घातलंस आणि पिन कोथरूडचा. ४११०३८. दहा वर्षं चुकीचा पिन घेऊन बसलोय मी, पोस्टातला माणूस."

मी सॉरी म्हटलं आणि विचारलं, मी बदलू का.

"बदलला," ते म्हणाले. "४१२८०३. आता त्यांचा पडताळणीचा मेल येतोय का बघत बसलोय. आला की दाबतो. फोन ठेव, लाइन बिझी नको."